टेरेसवरचे एसी ऐन मुहूर्ताला ट्रिप होतात. नवीन घ्यायचे, पाण्याचे फवारे बसवायचे की छत पांढरं करायचं?

कार्यालयवाला_भाचा (सांगली)
१४ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. आमच्या मामांचं सांगलीत मंगल कार्यालय आहे, खाली जेवणाचा हॉल, वर लग्नाचा हॉल आणि त्याच्यावर थेट टेरेस. मी गेली तीन वर्षं बघतोय सगळं. हॉलला ११ टनाचे सहा डक्टेबल एसी आहेत (गार हवा डक्टमधून हॉलभर सोडणारे), गॅस आर-४१०ए, इन्व्हर्टर म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारे नाहीत, साधे फिक्स स्पीडवाले. आधी मागच्या बोळात जमिनीवर औटडोअर (एसीची बाहेरची मशीन) होते पण २०१९ ला कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा सगळे पाण्याखाली गेले, म्हणून २०२० ला नवीन घेतले ते थेट टेरेसवरच चढवले. पुढच्याच वर्षी परत पूर आला तेव्हा मामा म्हणाले बघ, शहाणपणा केला. ते खरंच आहे.

पण आता त्रास असा की मार्च संपला की दुपारी साडेबाराचा मुहूर्त असेल तर बरोबर बारा-सव्वाबाराला दोन नाहीतर तीन मशीन बंद पडतात. पॅनलवर एचपी एरर. मिस्त्री येतो, रिसेट करतो, वीस मिनिटांनी परत तेच. परवा अक्षता वाटून झाल्या, मंगलाष्टकं चालू, आणि मुलीचे वडील स्टेज सोडून माझ्याकडे आले, "अहो भाडं एसी हॉलचं घेतलंय ना तुम्ही?" काय बोलणार राव. दरवर्षी मिस्त्री सांगतो गॅस कमी झालाय, भरतो, पैसे घेतो, आठ दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न.

एप्रिलमध्ये पंधराएक तारखा असतात, गेल्या एप्रिलचं बिल एक लाख बारा हजार आलं होतं, युनिट सगळं धरून साधारण १६ रुपयाला पडतं. आता तीन कोटेशनं आहेत हातात. एक, सगळे एसी काढून इन्व्हर्टरवाले बसवायचे, ३४ लाख. दोन, औटडोअरवर पाण्याचे बारीक फवारे मारायची सिस्टीम, अडीच लाख, म्हणे ३० टक्के बिल कमी. तीन, टेरेसला पांढरा कूल रूफ रंग. मामांचा कल पहिल्याकडे आहे कारण त्यांना वाटतं मशीनच म्हातारी झाली. कुणाला अनुभव असेल तर सांगा, सीझन चालू आहे, अक्षय्य तृतीयेला दोन लग्नं आहेत एकाच दिवशी.

गेजवाला_मिरज
१४ एप्रिल, रात्री ११.२५

भाऊ वीस वर्षं झाली मी हेच काम करतोय, मिरजेतल्या दवाखान्यांचे एसी बघतो बऱ्यापैकी. तुमची पोस्ट वाचली, सगळं लिहिलंत पण टेरेसवर मशीनच्या आजूबाजूला काय आहे ते लिहिलं नाही. शेड आहे का वर? पत्र्याची? औटडोअरचा पंखा वर फेकतो का समोर? कठड्याची उंची किती? दोन मशीनमध्ये अंतर किती? आणि किचनची चिमणी कुठं निघते?

एचपी म्हणजे हाय प्रेशर. गॅस कमी झाला की प्रेशर कमी होतं, वाढत नाही. जो मिस्त्री एचपी एररला गॅस भरतो तो एकतर शिकलेला नाही नाहीतर तुम्हाला शिकवतोय.

पैसे कुठंही द्यायच्या आधी एक करा. बाजारात वायरवाला डिजिटल थर्मामीटर मिळतो दोनअडीचशे रुपयाला, दोन घ्या. एक टेरेसच्या दुसऱ्या टोकाला सावलीत टांगा, दुसऱ्याची वायर औटडोअरच्या कॉइलपुढं, म्हणजे जिथनं हवा आत ओढली जाते तिथं, चार बोटं अंतरावर. कॉइलला चिकटवू नका. दुपारी साडेबाराला सगळी मशीन चालू असताना दोन्ही आकडे बघा आणि इथं टाका. बाकी नंतर बोलू.

सातारकर_उगाच
१४ एप्रिल, रात्री ११.५०

आमच्या साताऱ्यात या, एसीच लागत नाही 😄 आमच्या पाहुण्यांचा हॉल आहे, एअर वॉशरवर चालतो, म्हणजे पाण्यावरचा मोठा कुलरच, एप्रिल-मे ला झकास, वीज एसीच्या मानानं नगण्य. जूनला पाऊस सुरू झाला की मात्र हॉलमध्ये ओल्या गोधडीत बसल्यासारखं होतं हे पण सांगतो, पण जूनला तारखा असतात किती.

खरा प्रश्न, सेटिंग किती ठेवता? १८?

कार्यालयवाला_भाचा
१५ एप्रिल, सकाळी ८.१०

हो १८. सगळे म्हणतात लवकर गार होतं.

गेजवाले दादा, शेड आहे. २०२२ ला एका मशीनचा पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) पावसात गेला तेव्हा मामांनी सहाही मशीनवर पत्र्याची शेड मारून घेतली, उन्हाचं पण संरक्षण होईल म्हणून. पत्रा मशीनच्या डोक्यापासून साधारण तीन फुटावर. पंखे वर फेकणारे आहेत. रस्त्याकडून दिसायला बरं दिसावं म्हणून कार्यालयाच्या नावाचा मोठा फ्लेक्स कठड्यावर लावलाय, दुसऱ्या बाजूला हिरवी जाळी, कबुतरं येतात म्हणून. मशीन तीन-तीनच्या दोन रांगेत, समोरासमोर, मधे चालायला दोन-अडीच फूट जागा. आचाऱ्याची चिमणी रांगेच्या शेवटी निघते. आता लिहिताना मलाच कळायला लागलंय काहीतरी.

थर्मामीटर आणायला चाललोय, आज लग्न आहे.

कार्यालयवाला_भाचा
१५ एप्रिल, संध्या. ६.३०

दुपारी १२.३५: टेरेसच्या टोकाला सावलीत ३८.२. कॉइलपुढं पहिल्या मशीनला ४४, मधल्या दोन्हीला ४९ आणि ४९.५, चिमणीजवळच्याला ५१. तिथं उभं राहवत नव्हतं. मधली दोन आणि चिमणीजवळचं हीच तीन मशीन ट्रिप होतात, नेहमी हीच. करंट २५-२६ अँपिअर दाखवत होता प्रत्येकी, प्लेटवर २१ लिहिलंय.

गेजवाला_मिरज
१५ एप्रिल, रात्री ९.०५

आता ऐका. तुमची मशीन ५० डिग्रीच्या गावात काम करतायत, सांगलीत नाही.

औटडोअरचं काम काय, हॉलमधली उष्णता बाहेरच्या हवेत टाकणं. त्यासाठी आतला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा गरम पाहिजे, साधारण १४-१५ डिग्रीनं. बाहेर ३८ असेल तर गॅस ५२-५३ ला थंड होऊन द्रव होतो, आर-४१०ए ला तिथं प्रेशर येतं ४६० पीएसआयच्या आसपास. कॉम्प्रेसरला जड आहे पण चालतंय. हवाच ५० ची मिळाली तर गॅसला ६५ ला जावं लागतं, प्रेशर ६०० च्या घरात, आणि एचपी स्विच बऱ्याच मशीनला तिथंच कुठंतरी सेट असतो. तो बिचारा कॉम्प्रेसर वाचवायला मशीन बंद करतोय आणि तुमचा मिस्त्री त्यालाच शिव्या घालतोय.

पंखा वर फेकतो गरम हवा, ती तीन फुटावर पत्र्याला आपटते, बाजूला फ्लेक्स आणि जाळी म्हणून निघायला वाट नाही, मग ती खाली वळते आणि परत कॉइलमधून आत. समोरासमोरच्या रांगेत मधल्या बोळात दोन्ही बाजूची मशीन एकमेकांची उष्टी हवा ओढतात. पहिल्या मशीनला ४४ का, तर त्याची एक बाजू मोकळी आहे म्हणून.

सावलीबद्दल मामांना सांगा, ११ टनाचा औटडोअर मिनिटाला साधारण दहा हजार घनफूट हवा ओढतो. मशीनवर सावली पडली म्हणून ती हवा गार होत नाही, ती हवा पूर्ण सांगलीची आहे. नुसत्या सावलीनं फार तर दोन-तीन टक्के फरक पडतो आणि त्यासाठी तुम्ही वाट बंद करून वीस टक्के घालवलेत. पावसाचं म्हणाल तर औटडोअर पावसात उभा राहायलाच बनवलेला असतो. पीसीबी पावसानं गेला म्हणता, मी पैजेवर सांगतो केबल जिथनं आत जाते तिथलं भोक उघडं असणार नाहीतर पाल शिरली असणार. माझ्याकडं येणाऱ्या जळक्या पीसीबीत निम्म्याहून जास्त पालीच असतात.

करायचं काय:
पत्रे काढा. फ्लेक्स कठड्यावरनं उतरवा, गेटवर लावा. जाळी कबुतरासाठी ठेवायची तर मोठ्या भोकाची. मधल्या बोळात समोरासमोर असलेल्यातली एक रांग चार-पाच फूट मागं सरकवता आली तर उत्तम, पण त्याला कॉपरची पाईप जोडावी लागेल, गॅस काढून परत भरावा लागेल, ते सीझन संपल्यावर. चिमणीचा पाईप मात्र लगेच उचला, दहा फूट वर आणि मशीनच्या विरुद्ध बाजूला तोंड.

आणि गॅस. तीन वर्षं भर भर भरलाय म्हणजे आता जास्त झालेला असायची शक्यता आहे, जास्त गॅसनं पण हेड, म्हणजे तेच हाय प्रेशर, वाढतं. प्लेटवर किती किलो ते लिहिलेलं असतं, त्यात पाईपच्या लांबीचं वाढीव धरायचं. आर-४१०ए म्हणजे दोन गॅसची मिसळ, आर-३२ आणि आर-१२५ निम्मे निम्मे, तो सिलिंडर उलटा करून द्रव भरायचा आणि वजनकाट्यावर भरायचा. हातानं पाईप चाचपून "बास, गार लागतंय" असं भरणारा मिस्त्री बदला.

तासगाव_बेदाणा
१५ एप्रिल, रात्री १०.३०

फवाऱ्याबद्दल मी लिहितो कारण आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, अमोनियावर, आणि आमचा कंडेन्सर (तुमच्या औटडोअरचं काम करणारा) पाण्यावरच चालतो. तत्त्व एकदम खरं आहे. आपल्याकडं फेब्रुवारी ते मे हवा इतकी कोरडी असते म्हणून तर द्राक्षं शेडमध्ये नुसत्या वाऱ्यावर वाळतात. कोरड्या हवेत पाणी उडतं आणि उडताना उष्णता ओढून घेतं, ३९ ची हवा ओल्या पॅडमधून आली की ३०-३१ होते. हेड पडतं, करंट पडतो. कोटेशनवाल्याचे ३० टक्के मला जास्त वाटतात, पण कडक कोरड्या दुपारी १५-२० मिळतात.

पण हिशोब बघा. एक लिटर पाणी पूर्ण उडालं की ०.६८ युनिटएवढी उष्णता घेतं. तुमच्या ११ टनाच्या एका मशीनची हवा ८ डिग्रीनं खाली आणायला तासाला ६० लिटर पाणी उडवावं लागेल, सहा मशीनला तासाला साडेतीनशे-चारशे लिटर, वाया जाणारं वेगळंच. दिवसाला सहा तास म्हणजे दोन-अडीच हजार लिटर. मे महिन्यात लग्नाच्या घरी टँकर मागवताच की तुम्ही, त्यात अजून अर्धा.

आणि पाणी कुठलं घालणार? बोअरचं? मग विषय संपला. फवारा थेट कॉइलवर मारला की पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच राहतो, दोन सीझनमध्ये अॅल्युमिनियमच्या पाकळ्यांवर पांढरा थर, मग हवा जाणार कुठनं. आमच्या शेजारच्या एकाने असंच केलं, आता ती कॉइल चुना फासल्यासारखी दिसते. आम्ही पाणी सॉफ्ट करून घालतो, खारावलेलं सोडून देतो, आठवड्याला तपासतो, तेव्हा चालतंय. ज्याच्याकडं माणूस नाही त्यानं नादाला लागू नये. करायचंच असेल तर फवारा नको, कॉइलपासून फूटभर लांब वेगळं पॅड, कुलरला असतं तसं, म्हणजे क्षार पॅडवर बसेल, पॅड फेकून देता येतं. पण पॅडनं हवेला अडथळा होतो हे पण बघावं लागतं.

आणि ५० ची गरम हवा परत परत फिरवून तिच्यावर पाणी मारणं म्हणजे घागरीला भोक ठेवून विहिरीला मोटर बसवणं. पत्रा आधी काढा.

हॉलमध्ये_घाम
१६ एप्रिल, सकाळी ७.५५

दादा मी नवरीचा मेकअप करते, सांगली, मिरज, जयसिंगपूर सगळे हॉल पाठ आहेत. सगळ्यांचा एकच प्रकार, पाहुण्यांच्या पहिल्या चार ओळी शाली पांघरून बसलेल्या आणि नवरीची खोली पश्चिमेला, पत्र्याखाली, तिथं एक पंखा. फाउंडेशन हातात वितळतं. एसी वाढवायच्या आधी गार हवा जाते कुठं ते बघा ना. आणि दोन्ही दारं सताड उघडी असतात कारण बँडवाले आतबाहेर करतात. बास एवढंच, मला सातला कुपवाडला पोचायचं होतं, पोस्ट वाचत बसले 🙏

स्लॅबखाली_वालचंद
१६ एप्रिल, दुपारी १.१५

वरच्या ताईंनी खरं मर्म सांगितलं. मी विश्रामबागला वालचंद कॉलेजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात याच लाइनमध्ये आहे, थोडा हिशोब टाकतो, ढोबळ आहे, कुणी पाच-दहा टक्क्यांवरनं भांडू नका.

८०० माणसं बसली तर माणूस ११५ वॉटच्या आसपास उष्णता सोडतो, म्हणजे ९२ किलोवॉट, म्हणजे २६ टन (एक टन म्हणजे ३.५ किलोवॉट गारवा). तुमचा हॉल ६००० चौरस फूट धरला आणि वर नुसता सहा इंची काळवंडलेला स्लॅब, तर कडक उन्हात स्लॅबमधून १२ ते १४ टन येतात. लाइट, स्टेजचे फोकस आणि उघड्या दारातून येणारी ३८ ची हवा यांचं वेगळं. आहेत ६६ टन. म्हणजे मशीन पुरतात, पण ती धड ६६ टन देत नाहीत कारण ५० च्या हवेत क्षमता पण पडते आणि वीज पण जास्त खातात. दोन्हीकडनं मार.

गॅसबद्दल एक जोडतो. आर-४१०ए चा क्रिटिकल पॉइंट, म्हणजे ज्याच्या वर गॅस कितीही दाबला तरी द्रव होत नाही तो, ७१ डिग्रीच्या आसपास आहे, जुन्या आर-२२ चा ९६ होता. क्रिटिकलच्या जवळ जाल तसा गॅस द्रव व्हायला कुरकुरतो. म्हणजे ६५ ला आर-२२ कसाबसा तग धरायचा, ४१०ए मात्र कड्याच्या टोकावर उभा असतो. जुने लोक म्हणतात ना पूर्वीचे एसी असे ट्रिप होत नव्हते, त्यात तथ्य आहे, फक्त कारण वेगळं.

पांढऱ्या छताचं. चांगली गोष्ट आहे, ऊन परतवल्यामुळे स्लॅबची पाठ २० डिग्रीनं तरी खाली येते आणि ते १२-१४ टन सात-आठवर येतात. तेलंगणात २०२३ पासून नवीन इमारतींसाठी कूल रूफचं धोरणच आहे. पण एक लक्षात घ्या, सहा इंची स्लॅब उष्णता चार-पाच तास उशिरा खाली देतो. दुपारी एकचं ऊन हॉलमध्ये पोचतं पाच-सहाला. तुमच्या साडेबाराच्या मुहूर्ताला याचा फायदा कमी, संध्याकाळच्या रिसेप्शनला भरपूर. रंग महाग वाटला तर आपला चुना, त्यात चिकटायला थोडं फेविकॉल, पांढरेपणात काही कमी नाही, एवढंच की पावसाळ्यात धुपतो आणि दर उन्हाळ्याला मारावा लागतो. आणि धुळीनं राखाडी झाला की निम्मा फायदा गेला, गच्ची झाडायला, धुवायला माणूस लावा.

आता ३४ लाख. वर्षाला तारखा किती, ७० धरू, सहा तास, ७५ किलोवॉट: ३१,५०० युनिट, १६ रुपयांनी पाच लाख. इन्व्हर्टरचा फायदा मशीन अर्ध्या लोडवर चालताना होतो, ऑफिस-दवाखान्यात दिवसभर, महिनोन्‌महिने. तुमच्याकडं ८०० माणसं, भर दुपार, फुल लोड. तरी तुमच्या समाधानासाठी २० टक्के बचत धरू, वर्षाला लाख रुपये. ३४ वर्षं. आज ज्यांचं लग्न लावताय त्यांच्या पोरांची लग्नं लागायला आली की पैसे वसूल. आणि ती नवी कोरी मशीन पण त्याच पत्र्याखाली बसणार ना?

सेटिंग १८ बद्दल, फिक्स स्पीडच्या मशीनला १८ ठेवा नाहीतर २४, गार करायचा वेग तोच असतो, १८ ला फक्त ते थांबत नाही. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगते एक डिग्री वर ठेवलं की ६ टक्क्यांच्या आसपास वीज वाचते, म्हणूनच जानेवारी २०२० पासून घरगुती एसी २४ वर सेट होऊन येतात. तुम्ही २५ ठेवा आणि छताचे पंखे चालू ठेवा, लोकांना वारा लागला की २३ वाटतं. सकाळी नऊला हॉल रिकामा असताना थंड करून घ्या, तेव्हा बाहेर ३० असतं, मशीन निवांत चालतं, भिंती-खुर्च्या गार होतात, मग साडेबाराला मशीनवर सगळा भार एकदम पडत नाही.

बिल_कमी_गॅरंटी
१६ एप्रिल, दुपारी २.४०

एवढं सगळं कशाला? मीटरजवळ पॉवर सेव्हर डबा लावा ४०% बिल कमी १००% गॅरंटी. एसीत हायड्रोकार्बन गॅस भरून देतो, करंट निम्मा. इनबॉक्स करा

गेजवाला_मिरज
१६ एप्रिल, दुपारी ३.००

भाचे, या माणसाला टेरेसवर चढू देऊ नका. डब्यात दहा रुपयाचा कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. आणि हायड्रोकार्बन म्हणजे प्रोपेनसारखा गॅस, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. ज्या मशीनची रचनाच त्यासाठी केलीय तिथं ठीक, पण तुमच्या मशीनमध्ये किलोच्या किलो भरला आणि खाली होम पेटलेला हॉलमध्ये. पुढचं लिहीत नाही.

सातारकर_उगाच
१६ एप्रिल, दुपारी ३.२०

मुहूर्त साधला असता बरोबर.

कार्यालयवाला_भाचा
१६ एप्रिल, रात्री ११.००

मंडळी सगळ्यांचे आभार, मामांना ३४ वर्षांचा हिशोब दाखवला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले पत्र्याला मी ७० हजार घातलेत. उद्या सकाळी पत्रे निघतील. फ्लेक्सवर मात्र अडून बसलेत, त्यावर त्यांचा फोटो आहे.

तासगाव_बेदाणा
१७ एप्रिल, सकाळी ६.४५

पत्रे काढताय तर कॉइल धुऊन पण घ्या. ऊसतोड आत्ताच संपलीय, पाचट आणि ऊस पेटवलेली काजळी सगळ्यांच्या गच्चीवर असते, बायका वाळवणाला शिव्या देत असतात. ती काजळी पाकळ्यांत बसते, त्यावर तुमच्या चिमणीचं तेल, म्हणजे झाली पुट्टी. गाडी धुवायच्या प्रेशर पंपानं मारू नका, पाकळ्या लोळतात. साधी पाईप, जमलं तर आतल्या बाजूनं बाहेर, आणि तेलासाठी अॅल्युमिनियमला चालणारं कॉइल क्लीनर. बाथरूमचं अॅसिड अजिबात नको, लोक मारतात म्हणून सांगतो. कारखाने बंद झाले की गुढीपाडव्याच्या सुमाराला दरवर्षी धुवायची सवय लावा, सीझनच्या आधी.

गेजवाला_मिरज
१७ एप्रिल, सकाळी ९.३०

बरोबर. आणि कॉपरच्या जाड पाईपवरचं काळं फोम बघा. उन्हात दोन उन्हाळ्यात फुटतं, कावळे उपटून नेतात घरट्याला. हॉलमधनं येणारा गार गॅस टेरेसच्या ६० डिग्रीच्या फरशीवरनं उघडा फिरला की कॉम्प्रेसरपर्यंत तापून येतो. नवीन फोम घालून वरनं पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा गुंडाळून घ्या. पत्रा घालायची हौस इथं भागवा मामांची.

कार्यालयवाला_भाचा
८ मे, रात्री ९.५०

उशीर झाला, तारखांची गर्दी होती. काय काय झालं ते लिहितो.

पत्रे १७ ला निघाले. मजुरी सहा हजार, भंगारवाल्यानं पत्र्याचे आणि अँगलचे अठरा हजार दिले, म्हणजे बिल कमी करायला आम्हालाच बारा हजार मिळाले. फ्लेक्स दोन दिवस तसाच होता, त्या दोन दिवसांत मधल्या मशीनला ४३ दाखवत होतं, मग मामांच्या फोटोसकट गेटवर आणला, तिथं जास्त लोक बघतात हे मामांना पटलं. कॉइल धुतली तर बादलीत आलेलं पाणी डांबरासारखं काळं. मिस्त्रीनं (नवीन मिस्त्री) सहाही मशीनचा गॅस काढून वजन केलं, चारमध्ये प्लेटपेक्षा जास्त निघाला, एकात दीड किलो जास्त. आणि त्या जळक्या पीसीबीच्या मशीनचं झाकण उघडलं तर आत वाळलेल्या दोन पाली, गेजवाले दादा तुम्ही पैज जिंकलात.

अक्षय्य तृतीयेला बाहेर ३९.५ होतं. कॉइलपुढं मधल्या मशीनला ४१, चिमणीजवळच्याला ४२. करंट २० ते २१. एकही ट्रिप नाही, दोन्ही लग्नांत. सेटिंग २४ ठेवलं, २५ ला एका आजोबांनी तक्रार केली. दाराला पट्ट्यांचा पारदर्शक पडदा लावला, बँडवाल्याचा ढोल त्यात अडकला एकदा, पण हॉल गार राहिला आणि दुपारी अडीचनंतर माणसं पंगतीला खाली उतरली की दोन मशीन बंदच करतो आता. एप्रिलचं बिल ८९ हजार आलं, अर्धा महिना जुन्याच पद्धतीनं गेला होता हे धरून, तारखा गेल्या वर्षीएवढ्याच.

चिमणी अजून राहिलीय. आचारी म्हणतो पाईप लांब केला तर धूर ओढत नाही.

स्लॅबखाली_वालचंद
८ मे, रात्री १०.२०

आचाऱ्याचं खरं आहे, पाईप लांब आणि वाकडा झाला की पंखा कमी पडतो. पाईपचा व्यास वाढवा, काटकोनी वळण टाळा, किंवा वरच्या टोकाला एक्झॉस्ट पंखा घ्या, अर्ध्या हॉर्सपॉवरचा पुरेल बहुतेक, चिमणीचं माप पाठवा. आणि नवरीच्या खोलीचं काय केलंत?

कार्यालयवाला_भाचा
८ मे, रात्री १०.४५

माप उद्या देतो. नवरीच्या खोलीवर चुना मारून झालाय आणि दीड टनाचा एक स्प्लिट लावला, औटडोअर उत्तरेच्या भिंतीला, मोकळ्यावर. हॉलच्या टेरेसला चुना की रंग ते मामा पावसाळ्यानंतर ठरवणार, तोवर गळती पण बघून घ्यायची आहे.

हॉलमध्ये_घाम
९ मे, सकाळी ७.१०

१८ तारखेला येतेय तुमच्याकडं, जाधवांचं लग्न. बघते.